पोर्शे ९११ : साठ वर्षांचा बदल मागच्या ॲक्सलवर वाचावा

विचारलेला प्रश्न दुहेरी आहे. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारच्या सगळ्या पिढ्या बाहेरून एकसारख्याच दिसतात, मग साठ वर्षांत बदललं तरी काय? आणि १९९८ पर्यंतची, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी तीच 'खरी' ९११, पुढच्या सगळ्या नावापुरत्या, हे म्हणणं कितपत बरोबर?

माझं काम सस्पेन्शनचं, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या हातांचं आणि स्प्रिंगांचं. या गाड्या मी आधी खालून बघतो, लिफ्टवर चढवून. खालून बघितलं की बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन पिढ्यांमध्ये एकही भाग सारखा सापडत नाही, असंही होतं. इंजिनावरून भांडणं पुष्कळ होतात, पण ९११ ची खरी गोष्ट मागच्या दोन चाकांभोवती घडली आहे, हे माझं ठाम मत आहे. पहिल्या दिवसापासून या गाडीत एक अडचण आहे आणि जवळजवळ प्रत्येक पिढी हे त्या अडचणीला दिलेलं उत्तर आहे.

आधी अडचण समजून घेऊ. ९११ चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं. पुढून मागे क्रम लावला तर आधी गिअरबॉक्स, मग ॲक्सल आणि सगळ्यात शेवटी इंजिन. मिड-इंजिन गाडीत इंजिन ॲक्सलच्या पुढे, दोन्ही ॲक्सलच्या मध्ये असतं. इथे ते टोकाला आहे. त्यामुळे उभ्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर येतं.

याचे फायदे खरे आहेत. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की वजन आणखी मागे सरकतं आणि चालवणारी चाकं रस्ता घट्ट धरतात. तेवढ्याच ताकदीची पुढे इंजिन असलेली गाडी जिथे जागीच चाकं फिरवत बसते, तिथून ९११ निघून जाते. ब्रेक मारतानाही तसंच. कुठल्याही गाडीत जोरात ब्रेक मारला की वजन पुढे धावतं आणि मागची चाकं हलकी पडतात. ९११ मध्ये मागे मुळातच इतकं वजन आहे की मागचे ब्रेकही शेवटपर्यंत आपला वाटा उचलतात. शिवाय इंजिन मागे गेल्याने मधे दोन छोट्या सीटांची जागा निघते आणि पुढे सामान ठेवता येतं. ही गाडी रोज वापरता येते ती यामुळेच.

किंमत मोजावी लागते ती वळणाच्या मध्यावर. तुम्ही वेगाने वळणात शिरलात, वळण अंदाजापेक्षा जास्त आवळत गेलं आणि घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, तर त्या क्षणी वजन पुढे जातं. मागच्या टायरवरचा भार कमी होतो, म्हणून पकड कमी होते. पण टोकाला लटकलेलं इंजिन बाहेरच्या बाजूला जायचं थांबत नाही. हातोडा दांड्याला धरून फिरवला की डोकं हाताला जसं ओढतं, तसं ते गाडीला ओढतं. मागचा भाग सुटतो आणि गाडी फिरते.

वजनाची मांडणी ही अर्धीच बाजू झाली. उरलेली अर्धी बाजू चाकांच्या कोनाची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. जुन्या ९११ ला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म होते, म्हणजे तिरक्या बिजागरीवर वरखाली होणारा एकेक हात. पाय काढल्यावर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, हात खाली येतो आणि त्याबरोबर चाकाचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (तोंडाची दिशा) दोन्ही बदलतात. त्यात भर म्हणजे हाताचे रबरी बुश दबतात आणि चाक किंचित टो-आउटकडे, म्हणजे बाहेर तोंड करून उभं राहतं. बाहेरच्या बाजूचं मागचं चाक, ज्यावर सगळा भार आहे, तेच गाडीचं शेपूट बाहेर वळवायला लागतं. इंजिनाचं वजन एकीकडे ओढतं आणि चाकाचा कोनही त्याच दिशेला मदत करतो. दोष एकाचा असता तर निभावलं असतं. दोघे एकत्र आले म्हणून सुरुवातीच्या ९११ ला तशी ख्याती मिळाली.

आता पिढ्यांकडे येऊ. (९३०, ९६४, ९९३ यांसारखे आकडे ९११ च्याच आवृत्त्यांची सांकेतिक नावं; ३५६, ९२८ आणि ९५९ या मात्र पोर्शेच्याच वेगळ्या गाड्या.) सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ या नावाने मांडली गेली. मधे शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजोचा हक्क होता, म्हणून १९६४ मध्ये ती ९११ झाली. आकार फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांचा. दोन लिटरचं, सहा आडव्या सिलिंडरचं आणि हवेने थंड होणारं १३० अश्वशक्तीचं इंजिन. वजन हजार किलोच्या थोडंच वर आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२११ मिलिमीटर.

आधीच्या ३५६ लाही इंजिन मागेच होतं, पण चार सिलिंडरचं. दोन सिलिंडर वाढले तसं टोकाचं वजनही वाढलं. सरळ रेषेतसुद्धा पुढचा भाग हलका पडायचा. म्हणून काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांत प्रत्येकी सुमारे ११ किलोची वजनं दडवून बसवली जायची. हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये मुद्दाम वजन भरायची पाळी यावी, यावरूनच अडचण किती खोल होती ते कळतं.

पहिलं खरं उत्तर १९६९ च्या मॉडेलमध्ये आलं आणि मला ते आजही फार आवडतं. त्यांनी इंजिन हलवलंच नाही. मागचे हात लांब केले आणि चाकंच ५७ मिलिमीटर मागे नेली. व्हीलबेस २२६८ झाला. चाकं मागे सरकली म्हणजे इंजिनाचं वजन ॲक्सलच्या जवळ आलं, एवढंच. त्या गाड्यांखाली उभं राहिलात तर चाकांना ताकद पोचवणारे हाफ शाफ्ट गिअरबॉक्समधून सरळ बाजूला न जाता किंचित मागे झुकलेले दिसतात. बदल कसा केला गेला, त्याची ती उघड खूण आहे. त्याच वेळी एका बॅटरीच्या जागी दोन छोट्या बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गेल्या. मेलेल्या वजनाच्या जागी कामाचं वजन आलं.

पुढे १९७२ च्या अखेरीस कॅरेरा आरएस २.७ आली. २१० अश्वशक्ती, आणि हलक्या आवृत्तीचं वजन हजार किलोच्या आत. शर्यतीची पात्रता मिळवायला ५०० गाड्या पुरेशा होत्या, पण बनल्या १५८०. तिच्या मागच्या झाकणावरचं बदकाच्या शेपटीसारखं स्पॉयलर प्रसिद्ध आहे, पण ते शोभेचं नव्हतं. ९११ च्या उतरत्या छतावरून हवा वेगाने जाते आणि मागचा भाग वर उचलते. वेग वाढेल तशी मागची चाकं हलकी होतात. ज्या गाडीचा जीव मागच्या पकडीत आहे, तिच्यात हे परवडणारं नव्हतं. त्या स्पॉयलरने उचल कमी केली. आणखी एक गोष्ट याच गाडीत पहिल्यांदा झाली : मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. पुढे १८५, मागे २१५. आज प्रत्येक ९११ ला मागे रुंद टायर असतात आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही, पण सुरुवात इथे आहे.

१९७४ च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या धडक-नियमांमुळे मोठे बंपर आले. तो बदल नजरेला मोठा, चालवण्याला लहान. त्याच सुमारास आलेली ९३० टर्बो मात्र जुनी अडचण नव्या रूपात घेऊन आली. ३ लिटर, २६० अश्वशक्ती, चार गिअर आणि एकच मोठा टर्बो, म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा. १९७७ मध्ये ३.३ लिटर आणि ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरसह ३०० अश्वशक्ती. त्या काळच्या टर्बोला फिरायला वेळ लागायचा. वळणात ॲक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच व्हायचं नाही आणि मग, बहुतेकदा वळणाच्या मध्यावर, सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर यायची. दचकून पाय काढला तर काय होतं, ते वर सांगितलंच आहे. 'विडोमेकर' (विधवा करणारी) हे टोपणनाव तिला त्यातून चिकटलं. मला मात्र ही गाडी बदनाम करणं योग्य वाटत नाही. वळणाआधी ब्रेक संपवून, ॲक्सिलरेटर थोडा आधी आणि हळू उघडून चालवणाऱ्या माणसाला ती नेमकी आणि प्रामाणिक वाटते. तिला चुकीचा पाय चालत नाही, एवढंच.

याच दशकात कंपनीने ९११ संपवायचं जवळपास ठरवलं होतं. कंपनीप्रमुख एर्न्स्ट फुरमान यांच्या काळात १९७७ साली ९२८ आली. पुढे व्ही-८ इंजिन, मागे गिअरबॉक्स, वजन जवळपास समसमान वाटलेलं. ९११ ची जागा तिने घ्यायची होती. १९८१ मध्ये सूत्रं हातात घेतलेले पीटर शुट्झ स्वतः सांगत, की अभियंता हेल्मुट बॉट यांच्या कार्यालयातल्या तक्त्यावर ९११ ची रेघ त्या वर्षी संपत होती. त्यांनी मार्कर उचलला आणि रेघ तक्त्याबाहेर भिंतीवर ओढली. किस्सा छान आहेच, पण माझ्या कामाच्या दृष्टीने ९२८ चं महत्त्व वेगळं आहे. तिच्या मागच्या सस्पेन्शनला, वायसाख ॲक्सलला, पाय काढल्यावर चाक टो-आउट होऊ न देता टो-इनकडे, म्हणजे आत तोंड करून, नेण्याची युक्ती साधली होती. ९११ ची जागा घ्यायला आलेल्या गाडीने ९११ च्या रोगाचं औषध शोधून ठेवलं. ते औषध ९११ पर्यंत पोचायला आणखी सोळा वर्षं लागली.

मधल्या ९६४ बद्दल थोडक्यात. १९८८ च्या अखेरीस आलेल्या या पिढीत पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. पॉवर स्टिअरिंग आणि एबीएस आलं. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला आपोआप वर येणारं स्पॉयलर आलं. आणि कॅरेरा ४ मध्ये चारही चाकांना ताकद मिळाली : पुढे ३१ टक्के, मागे ६९. मागे मात्र सेमी-ट्रेलिंग आर्मच राहिले, सुधारलेले असले तरी. म्हणून ९६४ चालवताना आधुनिक गाडीचा धीर वाटतो आणि जुन्या गाडीची सावधगिरी बाळगावी लागते.

१९९३ ची ९९३ ही माझ्या लेखी ९११ च्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी. मागचे जुने हात गेले आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सबफ्रेमवर बसवलेलं मल्टिलिंक सस्पेन्शन आलं. प्रत्येक चाकाला अनेक दांड्या, प्रत्येक दांडीची लांबी आणि कोन हिशेबाने ठरवलेला. पाय काढला, ब्रेक मारला, खड्ड्यात गेलो, काहीही झालं तरी चाकाचं तोंड जिकडे हवं तिकडेच राहतं. वजन होतं तिथेच आहे, पण चाकाचा कोन आता त्या वजनाला सामील होत नाही. वर सांगितलेल्या दोन दोषांपैकी एक इथे कायमचा गेला. सबफ्रेम रबरी माउंटवर असल्यामुळे रस्त्याचा आवाजही आत कमी येऊ लागला. लोक ९९३ ला शेवटची हवेने थंड होणारी ९११ म्हणून कवटाळतात. मी तिला वळणावर विश्वास ठेवता येण्याजोगी पहिली ९११ म्हणेन.

आता तो 'खरी ९११' वाद. १९९७ मध्ये ९९६ आली, ३.४ लिटरचं पाण्याने थंड होणारं ३०० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन. पाणी का आणावं लागलं, हे जुन्या इंजिनाच्या हेडवर बघून कळतं. ९६४ आणि ९९३ च्या टर्बो नसलेल्या ३.६ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आहेत, पण स्पार्क प्लग दोन आहेत. सिलिंडर इतके रुंद झाले होते की एका प्लगची ज्योत टोकापर्यंत वेळेत आणि स्वच्छ पोचत नव्हती. पुढची पायरी म्हणजे चार व्हॉल्व्ह. पण चार व्हॉल्व्हच्या हेडमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला इतकी उष्णता एकवटते, की रस्त्यावर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाडीत पंख्याची हवा ती नेऊ शकत नाही. पोर्शेला हे आधीपासून ठाऊक होतं. १९८६ च्या ९५९ मध्ये सिलिंडर हवेने थंड व्हायचे आणि चार व्हॉल्व्हचे हेड पाण्याने. त्यात धुराचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले. पाण्याचं आवरण आवाजही दाबतं, पंखा तो वाढवतो. म्हणजे ९९६ मध्ये परंपरा तुटली असं म्हणण्यापेक्षा तीस वर्षांची वाट संपली आणि पुढची सुरू झाली असं म्हणणं बरोबर. रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढे गेले, म्हणजे हलक्या पुढच्या भागावर थोडं कामाचं वजन आलं, हा वरचा फायदा. व्हीलबेस २३५० झाला. १९९८ च्या कॅरेरा ४ बरोबर पीएसएम ही घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. वळणात पाय काढणाऱ्याला यंत्राने वेगवेगळी चाकं ब्रेक करून सावरायचं, हे तिथून सुरू झालं.

९९६ वरच्या दोन तक्रारींपैकी एक दिव्यांच्या आकाराची आणि आतल्या साध्या प्लॅस्टिकची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आर्थिक संकटात होती, म्हणून ९९६ आणि पोर्शेचीच दुसरी गाडी बॉक्सटर यांचा पुढचा भाग, दारंसुद्धा, सामायिक ठेवली गेली. तो पैसा वाचला नसता तर आज ९११ असती की नाही, शंकाच आहे. दुसरी तक्रार गंभीर आणि खरी आहे : इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या या शाफ्टच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे. त्यातलं ग्रीस संपलं की ते झिजतं, फुटलं की टायमिंग चुकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. इंजिन गेलं. सगळ्यांचंच होतं असं नाही, पण गाडी बघायला जाल तेव्हा हे बेअरिंग बदललंय का, कधी बदललंय, हा पहिला प्रश्न विचारा. त्या काळच्या टर्बो आणि जीटी३ (शर्यतीकडे झुकलेली आवृत्ती) मध्ये पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेत्सगर यांच्या वारशातलं, शर्यतीच्या गाडीवरून आलेलं वेगळं इंजिन आहे. त्यांना हा त्रास नाही. २००८ नंतरच्या ९९७ मध्ये तो शाफ्टच काढून टाकला.

९९७ म्हणजे २००४ ची, गोल दिवे परत आणणारी गाडी. दिसायला देखणी, सस्पेन्शनच्या दृष्टीने ९९६ चीच पक्की आवृत्ती. तिच्यातली एकच गोष्ट थांबून सांगण्यासारखी : २००६ च्या टर्बोमधली हलणाऱ्या पात्यांची टर्बाइन. इंजिन हळू फिरत असताना पाती आवळून धूर जोरात सोडायचा, म्हणजे टर्बो लवकर फिरतो. डिझेलमध्ये हे जुनंच होतं, पण पेट्रोलचा धूर कितीतरी जास्त गरम, त्यात टिकणारी पाती बनवणं कठीण होतं. ९३० च्या उशिरा येणाऱ्या ताकदीवरचं हे पहिलं चांगलं उत्तर.

२०११ च्या ९९१ मध्ये व्हीलबेस आणखी १०० मिलिमीटर वाढून २४५० झाला आणि मागचं ॲक्सल इंजिनाच्या जवळ सरकवलं गेलं. १९६९ ची तीच युक्ती, जास्त मोठ्या मापात. लांब गाडी स्थिर असते पण वळायला आळशी, म्हणून २०१३ च्या जीटी३ आणि टर्बोला मागची चाकंही वळवता येऊ लागली. कमी वेगात पुढच्यांच्या उलट दिशेला, जास्त वेगात त्याच दिशेला, जीटी३ मध्ये जेमतेम दीड अंश. इतक्या छोट्या कोनाने एवढा फरक पडतो, यावर ती गाडी चालवल्याशिवाय विश्वास बसत नाही. याच पिढीत आलेलं इलेक्ट्रिक स्टिअरिंग मला सुरुवातीला मुकं वाटलं. रस्ता हातात पूर्वीसारखा पोचत नव्हता. पुढे ते खूप सुधारलं.

शर्यतीतही एक बोलकी गोष्ट घडली. २०१७ च्या ९११ आरएसआरमध्ये अभियंत्यांनी इंजिन सरळ मागच्या ॲक्सलच्या पुढे आणलं. मागे गाडीखालच्या हवेने गाडी रस्त्याकडे ओढणारा मोठा डिफ्यूझर बसवायला जागा हवी होती. रस्त्यावरच्या ९११ ने मात्र इंजिन मागेच ठेवलं, कारण तिथे मागच्या दोन सीटा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि ब्रेकवरचा धीर जास्त मोलाचा. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या ९९२ मध्ये मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठ्या व्यासाची झाली आणि पुढच्या चाकांच्या पोकळीत पाण्याचा आवाज ऐकणारे सेन्सर आले. रस्ता ओला आहे हे गाडी स्वतः ओळखते आणि चालकाला सांगते. २०२१ च्या जीटी३ ला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन हात असलेलं सस्पेन्शन, मिळालं. रस्त्यावरच्या ९११ ला ते पहिल्यांदाच. मागच्या टोकाची समस्या इतकी आटोक्यात आली, की आता पुढच्या टोकाकडे लक्ष द्यायला सवड मिळाली.

२०२४ च्या जीटीएसमधल्या हायब्रिडवर 'आता ९११ संपली' म्हणणारे तेच आहेत, जे १९९७ मध्ये पाण्यावर रडले होते. जरा नीट बघा काय केलंय. ३.६ लिटरच्या इंजिनाला एकच टर्बो आणि त्याच्याच शाफ्टवर विजेची मोटर. पाय पडताच मोटर टर्बो फिरवते, धुराची वाट बघायची गरज नाही. उलट धूर जास्त झाला की तीच मोटर जनित्र होते आणि वीज परत देते. एकूण ५४१ अश्वशक्ती. बॅटरी फक्त १.९ किलोवॉट-तासाची, म्हणून हलकी, आणि ती बसवली कुठे? पुढे. आधीच्या गाडीपेक्षा वजन सुमारे ५० किलोच वाढलं. ९३० ला एकच मोठा टर्बो होता आणि तो उशिरा जागा व्हायचा. इथेही एकच मोठा टर्बो आहे आणि तो लगेच जागा होतो.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर : हवा की पाणी, यावरून 'खरी' ठरत नाही. रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन ॲक्सलच्या मागे आहे तोवर ती ९११ आहे, आणि ते आजही तिथेच आहे. हवेच्या इंजिनाचा आवाज आणि हलकेपणा मलाही प्रिय आहे. त्यासाठी जुनी गाडी जरूर घ्या, पण टायरची तारीख बघा, मागचे बुश बदलून घ्या आणि चारही चाकांचं अलाइनमेंट या गाड्या ओळखणाऱ्या माणसाकडून करून घ्या. वाळलेले बुश आणि दहा वर्षांचे टायर असलेली जुनी ९११ चालवून तिच्याबद्दल मत बनवणं तिच्यावर अन्याय आहे.

आणि फरक स्वतः अनुभवायचा असेल तर ९६४ आणि ९९३ एकाच दिवशी, बंद ट्रॅकवर, एकाच लांब वळणावर चालवा. दोन्ही हवेच्या, दोन्ही ३.६ लिटरच्या, दिसायला बहिणी. मध्यम वेगात, शेजारी शिकवणारा माणूस बसवून, वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर थोडासा सोडून बघा. ९६४ मध्ये मागचा भाग हलल्याचं पाठीला कळेल आणि हात आपोआप स्टिअरिंग सावरायला जातील. ९९३ फक्त नाक थोडं आत घेईल आणि वळत राहील.